शर्यतीची गाडी पोसताना

माझी मुलगी लिफ्ट दुरुस्त करते. उंच इमारतीच्या पोटातल्या काळोख्या पोकळीत, लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभी राहून, कमरेला पट्टा बांधून ती तारेचे दोर तपासते. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून तिचे बाबा तिला भिंगरी म्हणायला लागले. तिशी आली तरी घरात तेच नाव चालतं. बाहेर मात्र तिला भिंगरी म्हणायची कुणाची टाप नाही.

एकदा तिने एका इमारतीची लिफ्ट बंद करून किल्ली खिशात घातली, कारण दोरांची मुदत संपली होती. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ जिने उतरून तणतणत आले. "दोर तर चांगला धडधाकट दिसतोय की!"

"धडधाकट आहे म्हणूनच तुम्ही माझ्याशी भांडायला उरलात, काका," ती म्हणाली. "दोर तुटल्यावर नाही बदलत. तुटायच्या आधी बदलतात."

त्यांनी तिच्या कंपनीत तक्रार केली. साहेबांनी बोलावून घेतलं. ही ढिम्म. नवे दोर येईपर्यंत अख्खी इमारत जिने चढत राहिली. हा किस्सा मी येईल त्याला सांगायचे. आपलं पोर कुणाच्या जिवाशी खेळत नाही, याचा मला केवढा अभिमान होता! जिवांच्या त्या मोजणीत ती स्वतःला धरतच नाही, हे मला कळायला शर्यतीची गाडी दारात यावी लागली.

गाड्यांचं वेड तिने कुठून आणलं, देव जाणे. तिचे बाबा शाळेची बस चालवतात, तीही अशी की मागच्या सायकलवाल्याने घंटी वाजवावी. उभ्या आयुष्यात त्यांनी बसला ओरखडा येऊ दिला नाही. बसची कामं करणारे मिस्त्री आमच्या घरोब्यातले. त्यांनीच भिंगरीला भंगारातून एक गाडी जुळवून दिली होती, ती घेऊन ती पहिली काही वर्षं शर्यतीत उतरायची. ती गाडी स्वस्त होती आणि दर वेळी कुठे ना कुठे मोडायची. भिंगरी मागे पडली की लोक म्हणत, गाडीच तसली. पुढे गेली की म्हणत, इंजिनात काहीतरी कारभार केलेला दिसतो. दोन्हीकडून तिचं नाव कुठेच नाही.

म्हणून तिने कारखान्यातून बांधून आलेली गाडी घेतली. अशी गाडी कंपनी शर्यतीसाठीच बनवते. तिला रस्त्यावर न्यायची परवानगी नाही, आत दुसऱ्या माणसाला जागा नाही. सगळ्या गाड्या एका साच्यातल्या. इंजिनाला कंपनीचं सील. त्यात कुणी बोट घालायचं नाही.

"सगळ्यांच्या गाड्या सारख्या असल्या ना आई, की दिसतो तो फक्त चालवणारा," ती म्हणाली.

मला ते पटलंही. गाडी जुनीच घेतली, काही मोसम पळालेली. तिची सगळी बचत त्यात गेली, वर पगारावर कर्ज. आम्हाला वाटलं, मोठा खर्च झाला एकदाचा. तो नुसता उंबरठा होता. हत्ती विकत घेता येतो. पुढे रोज त्याच्या पोटाला घालायचं काय, हे हत्ती विकणारा सांगत नाही.

आमच्या बसचे टायर वर्षानुवर्षं टिकतात, हिचे दोन दिवसांत संपायचे. ब्रेकचं तेच. पेट्रोल निराळं. गाडी ट्रेलरवर घालून न्यायची, त्याचं भाडं. शर्यतीत उतरायची फी. ट्रॅकवर काही झालं तर विमा नाही. बरं, न पळवता उभी ठेवावी, तरी सुटका नाही. नुसत्या उभ्या गाडीतही सीटच्या पट्ट्यांची मुदत संपते, पेट्रोलच्या टाकीतल्या रबरी पिशवीची संपते, आग विझवायच्या नळकांड्याची संपते. आणि पळवली की प्रत्येक भागाचे तास मोजायचे. गिअरबॉक्स ठणठणीत असला तरी ठरलेले तास झाले की उघडायचा आणि आतली दातेरी चाकं बदलायची. भाग कंपनीचाच हवा, तोही शिक्क्याचा.

"वहिनी, या गाडीचा साधा बोल्टसुद्धा खानदानी," मिस्त्री म्हणायचे. "आपल्याकडचा त्याच्या पंगतीला बसत नाही."

भिंगरीने स्वतःसाठी काही घेणंच सोडलं. बुटांचे तळ घासून गुळगुळीत झाले. लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "आण ना जावई. फक्त येताना चार टायर घेऊन ये म्हणावं." आम्ही हसायचो. हसण्यावारी नेलं की काही काळ सगळंच चालून जातं.

मग गेल्या मोसमात एका संघाच्या मालकाचं तिच्याकडे लक्ष गेलं. उन्हा-पावसात डोक्यावर पांढरी टोपी, म्हणून आम्ही त्याला टोपीवाला म्हणतो. त्याच्या संघात चालवणाऱ्याला पगार मिळतो. गाडी, टायर, सगळं संघाचं. त्याच्याकडे एक जागा रिकामी होणार होती. त्याने तिला सांगितलं, "मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत पहिल्या तिघांत ये. मग बोलू."

म्हणजे एक शर्यत. ती जमली तर हत्ती दारातून जाणार होता आणि तरी ती धावणार होती.

त्या शर्यतीसाठी तिने माझ्याकडे पैसे मागितले. कशासाठी ते मी विचारलंच नाही. बँकेत आमच्या दोघांच्या नावाने जे होतं ते तिच्या बाबांच्या डाव्या गुडघ्यासाठी राखलेलं होतं. जन्मभर क्लच दाबून तो झिजला आहे, डॉक्टर ऑपरेशन सांगतात. मी म्हटलं, "या घरातून त्या गाडीला आता एक पैसा मिळणार नाही."

नाक दाबलं की तोंड उघडतं, असा माझा हिशेब. पैसा थांबला की गाडी थांबेल.

ती फक्त "बरं" म्हणाली. भांडली असती तर मी निश्चिंत झाले असते.

पुढच्या आठवड्यात तिचा डबा पोचवायला मी गॅरेजमध्ये गेले. ती अजून कामावरून आली नव्हती. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली, मागचं एक चाक काढलेलं. मी गाडीच्या नाकासमोर उभी होते. मिस्त्री मागे उकिडवे बसले होते. त्यांनी काळवंडलेल्या एका जाड भागावर टकटक केलं.

"हा हब. चाक याच्यावर बसतं. याचे तास भरलेत, त्याच्या वर दोन शर्यती झाल्यात."

"मग नवा नाही घ्यायचा?"

"नवा म्हणजे तिचा तीन महिन्यांचा पगार, वहिनी. ती म्हणते, ही एक शर्यत काढू यावर."

"तुटला तर?"

मिस्त्री हात पुसत राहिले. "तुटेलच असं नाही."

"मिस्त्री, तुटला तर?"

"चाक जातं. मग कुठे जायचं ते गाडी ठरवते, चालवणारा नाही."

डबा माझ्या हातातच राहिला. तेवढ्यात भिंगरी आली. माझं तोंड बघून तिला कळलं. ती मिस्त्रींना म्हणाली, "सांगितलंत ना?" आणि माझ्याकडे वळून, "आई, कंपनी तास जरा हात राखूनच लिहिते. अजून जीव असतो त्यात."

"आणि लिफ्टचे दोर? त्यांच्यात नसतो अजून जीव?"

"लिफ्टमध्ये दुसरी माणसं असतात," ती म्हणाली. "गाडीत मी एकटीच असते."

हे तिने रागाने म्हटलं असतं तर मी उलट बोलले असते. तिने ते हिशेब सांगावा तसं सांगितलं. डबा बाकावर ठेवून मी बाहेर पडले. बस स्टॉपवर येईपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं की मी दाबलेलं नाक माझंच होतं. पैसे दिले तर ती धावणार होती. नाही दिले तरीही धावणार होती, फक्त मुदत संपलेल्या हबवर. माझ्या नकाराने गाडी थांबली नव्हती. तो जुना लोखंडाचा तुकडा तेवढा गाडीत राहिला होता.

घरी येऊन यांना सांगितलं. हे बुटाची नाडी सोडत होते. पाय तसाच पुढे ठेवून म्हणाले, "गुडघा काय, अजून एक वर्ष लंगडेल. माझं काम तर बसूनच आहे."

नवा हब मागवायला वेळ उरला नव्हता. पण शर्यतीच्या ठिकाणी कंपनीचा ट्रक येतो, सुट्या भागांचं दुकानच ते. तिथेच घ्यायचा असं ठरलं. भिंगरीला सांगायचं नाही, हेही ठरलं. गुडघ्याचे पैसे आहेत म्हटल्यावर तिने हात लावला नसता. मिस्त्रींनाही सांगितलं नाही. त्यांच्या पोटात तीळ भिजत नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा सराव संपून क्रम लागला होता. भिंगरी तिसऱ्या जागेवरून सुटणार होती. चौथ्या जागेवर एक दातांचे डॉक्टर. मोठा दवाखाना, पैशाला तोटा नाही, दोन माणसं दिमतीला. भिंगरी त्यांना मागून 'कवळी' म्हणते. "कवळी आज मला चावणार," असं ती हेल्मेट पुसत म्हणाली आणि हसली. तिचा जेवणाचा डबा न उघडता तसाच पडला होता.

आम्ही पाय मोकळे करून येतो असं सांगून ट्रककडे गेलो. ट्रकच्या पाठीमागे फळी टाकलेली, फळीमागे एक थंड चेहऱ्याचा माणूस.

"मागचा हब हवाय," मी म्हटलं.

"डावा की उजवा? पूर्ण जुळवलेला येतो, एका बाजूचा दुसरीकडे बसत नाही."

मी डोळे मिटले आणि गॅरेज आठवलं. काढलेलं चाक माझ्या उजव्या हाताला होतं. "उजवा," मी ठामपणे म्हटलं.

यांनी कार्ड दिलं. खातं जवळजवळ तळाला गेलं. हबचं सीलबंद पाकीट हातात येताच यांनी खिशातला चाकू काढून ते फाडलं. जन्मभराची सवय त्यांची. न उघडता घेतलेला पार्ट म्हणजे न बघता केलेलं लग्न, असं म्हणतात. हब फिरवून पाहिला, कानाशी नेला. "गुळगुळीत!" म्हणाले. ट्रकवाल्याने फळीवरच्या पाटीकडे बोट केलं: सील फोडलेला माल परत घेतला जाणार नाही. हे म्हणाले, "परत करतंय कोण?"

भिंगरीच्या तंबूत जाऊन यांनी तो हब मिस्त्रींच्या मांडीवर बाळासारखा ठेवला.

मिस्त्रींनी तो फिरवून पाहिला. एकदा गाडीकडे, एकदा माझ्याकडे. मग कपाळावर हात मारला. "वहिनी, हा उजव्याचा. आपला डावा गेलाय."

"तुम्हीच तर दाखवलात! माझ्या उजव्या हाताला होता!"

"तुम्ही समोर उभ्या होतात. गाडीचा डावा-उजवा आत बसलेल्या माणसाचा असतो."

हे एवढे जुने ड्रायव्हर. त्यांना हे झोपेतही सांगता आलं असतं, पण ते त्या दिवशी गॅरेजमध्ये नव्हते. माझ्या शब्दावर विसंबले होते. त्यांनी मला एका शब्दाने टोकलं नाही. फाटक्या पाकिटाची घडी घालत बसले.

"पैसे कुठले?" भिंगरीने विचारलं.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे.

"बाबा, पैसे कुठले?"

"माझ्या गुडघ्याचे," हे म्हणाले. "माझा गुडघा आहे. मी तो कुठेही बसवीन."

ती टायरच्या चवडीवर मटकन बसली. मला वाटलं, आता रडेल. ती उठली ती हेल्मेट घेऊनच. "ठीक आहे. मी जुन्यावरच जाते. याला हात लावू नका मिस्त्री, ग्रीसचा डागसुद्धा नको. शर्यत झाली की कुणाला तरी विकू. बाबांचे पैसे सुटतील."

बाबांच्या गुडघ्यासाठी ती आता त्याच हबवर जाणार होती. मी आणलेल्या वस्तूने तिचा उरलासुरला संशयही फेडून टाकला होता.

"शर्यत झाल्यावर नाही," मी म्हटलं. "आत्ताच." आणि तो जड हब उचलून पोटाशी धरला.

सगळ्या गाड्या सारख्या, म्हणजे इथे कुणाकडे तरी डावा असणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी तंबूमागून तंबू हिंडले. दारोदार फिरणाऱ्या फेरीवालीसारखी. मागून हे लंगडत. "डावा आहे का हो? नवाकोरा उजवा घ्या, डावा द्या." कुणी हसलं. कुणी म्हणालं, आमचे हब कालच बदलले. एकाने तर मला बाजूला करून पंप ओढत नेला. लाउडस्पीकरवर गाड्या रांगेत लावायच्या सूचना सुरू झाल्या होत्या. शेवटचा तंबू कवळीचा.

डॉक्टर घडीच्या खुर्चीवर बसून हातमोजे चढवत होते. त्यांच्या मागच्या फळीवर सुटे भाग ओळीने मांडलेले. माझ्या हातातला हब पाहून त्यांचा मेकॅनिक म्हणाला, "डावा आहे आपल्याकडे. थोडा वापरलेला. भरपूर तास शिल्लक आहेत."

"मला उजवा नको आहे, ताई," डॉक्टर म्हणाले.

"नवा आहे. तुमचा वापरलेला द्या, चालेल."

"तसं नाही." ते अवघडून हसले. "स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमची मुलगी थांबली तर तिसरा मी."

"ती थांबणार नाही," मी म्हटलं. "ती जुन्या हबवर जाणार आहे. मुदत संपलेल्या. तुम्ही चौथे, म्हणजे तिच्या बरोब्बर मागे. ते चाक सुटलं तर पहिलं कुणाच्या तोंडावर येईल, डॉक्टर?"

त्यांचा हात मोज्यात अर्धाच राहिला. हे माझ्या मागे खाकरले.

डॉक्टरांनी मान न वळवता मेकॅनिकला हात केला. हब माझ्या हातात येताना ते म्हणाले, "इतक्या वर्षांत माझा दात असा कुणी काढला नव्हता."

मला धावता येत नाही. त्या दिवशी मी धावले. मिस्त्रींनी बोल्ट सोडवून ठेवलेच होते. भिंगरी स्वतः खाली सरकून त्यांना पाने देत होती. तिच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. शेवटचा बोल्ट आवळताना बाकीच्या गाड्या बाहेर पडत होत्या. मिस्त्रींनी चाक दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि गाडीच्या छतावर थाप मारली.

शर्यत मी पाहिली असं म्हणता येणार नाही. मी मागचं डावं चाक पाहिलं. गाडी समोरून गेली की ते आहे का, एवढं बघायचं; वळणामागे गेली की पुन्हा समोर येईपर्यंत कठड्याचा गज धरून ठेवायचा. डॉक्टरांची गाडी तिच्या मागे चिकटलेली. एका वळणावर दोघं जोडीनेच आत शिरले, गर्दी ओरडली, धूळ उडाली. यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. धुळीतून आधी ती बाहेर आली.

ती तिसरी आली. मला ते मिस्त्री नाचायला लागल्यावर कळलं.

डॉक्टर हेल्मेट काढून आमच्याकडेच आले. "ताई, तुम्ही माझी शर्यत घालवलीत. पूर्ण वेळ मी तिच्या त्या चाकाकडेच बघत होतो. दोन वळणं चुकली माझी." भिंगरीने पहिल्यांदाच त्यांना तोंडावर "डॉक्टर" म्हटलं आणि हात पुढे केला.

काढलेला हब मिस्त्रींनी नंतर धुऊन, चीर दाखवणारा रंग लावून, भिंगातून तपासला. केसाएवढीही चीर नव्हती. "अजून दोन शर्यती निघाल्या असत्या," असं ते म्हणाले, आणि भिंगरी माझ्याकडे बघून भुवया उडवत राहिली. उडव म्हटलं. न तुटलेल्या वस्तूसाठी गुडघा गेला याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

टोपीवाल्याने शब्द पाळला. गाडी तिने लगेच विकायला काढली. घेणारा पडत्या भावाने मागत होता. ती चटकन "हो" म्हणाली, तेव्हा मध्ये पडून मीच घासाघीस केली. ज्या गाडीचं तोंड बघायला नको वाटायचं, तिचे एकेक नवे भाग मी तोंडपाठ म्हणून दाखवले. आलेल्या पैशांतून आधी बाबांचा गुडघा, मग कर्ज, असं तिने बजावलं. गुडघा झाला. हे आता कठड्याला हात न लावता जिना चढून दाखवतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला.

उद्यापासून ती संघाची गाडी चालवणार. आमच्या खिशातून काहीही जाणार नाही. संध्याकाळी ती बॅग भरत होती तेव्हा मी विचारलं, "तिथे भाग कधी बदलायचे ते कोण बघतं?"

"त्यांची माणसं."

"कशी आहेत?"

"एकदाच भेटलेय, आई."

"तुला दाखवतात का, काय बदललं ते?"

"मी तिथे नोकर असणार. मालक नाही." तिने चेन ओढली. "तुला काय वाटत होतं? फुकटात सगळंच मिळेल?"

आपली गाडी होती तोवर मला निदान पैसे देता येत होते. चुकीचा का होईना, हब आणता येत होता. आता त्या गाडीसाठी मी एक स्क्रूही विकत घेऊ शकत नाही. कार्यशाळेत घरच्यांना सोडत नाहीत. बऱ्याच वेळाने तिने कागदाच्या चिठोऱ्यावर एक नंबर लिहून दिला. तिथल्या मुख्य मेकॅनिकचा.

"एकदाच करायचा फोन," ती म्हणाली. "आणि त्याला माझं घरातलं नाव सांगायचं नाही."

सकाळी ती निघाली की मी फोन करणार आहे. तो हसणार नाही आणि फोनही ठेवणार नाही, असा पहिला प्रश्न अजून मला सापडलेला नाही.